डोहावरची नोंद

हिरमेटा नाका, अहेरीच्या पुढे
९ जानेवारी १९८६

ती. बाईस,
सोमाचा सविनय जय भीम.

तुझं पत्र अहेरीच्या पत्त्यावर गेलं, तिथून बांबूच्या ट्रकवाल्याने इथे आणून दिलं, म्हणून उत्तराला उशीर. माझी बदली झाली आहे. हिरमेटा हे चौदा घरांचं गोंडांचं गाव, त्याच्या अलीकडे वनखात्याचा नाका, आणि नाक्यावर मी. लोक नाकेदार म्हणतात. पण नाक्यावरून जातं कोण? सकाळी गावच्या गाई जातात, संध्याकाळी त्याच परत येतात.

कसं वाटतं म्हणून विचारलंस. झोपेत चालल्यासारखं वाटतं, बाई. पहाटे धुक्यात साग दिसत नाहीत, नुसतं त्यांच्या पानांवरून टपटपणारं पाणी ऐकू येतं. दहा वाजेपर्यंत सगळ्या सावल्या निळ्या असतात. बोलायला कोणी नाही म्हणून सुरुवातीला मी माझ्याशीच बोलायचो. आता तेही बंद झालंय, आणि त्याचं काही वाटत नाही.

काम मात्र मोठं आहे. आमचे रेंजर उराडे साहेब नकाशा घेऊन आले होते. गावापासून कोसभर आत नाल्याला एक डोह आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही. तिथे सहलीची जागा करायची असं वरून ठरलं आहे. दोन खोल्यांचं विश्रामगृह, एक मचाण, आणि जीप जाईल असा आठ मैलांचा रस्ता. चंद्रपूर-बल्लारपूरचे लोक रविवारी येतील, जंगल बघतील. साहेब आडनावानेच हाक मारतात. म्हणाले, "दुर्गे, लोकांनी जंगल पाह्यलंच नाई, तर थे वाचवाले कोन येईन?" मला ते पटलं. रस्ता जिथून जाईल तिथल्या झाडांना चुन्याच्या खुणा करायच्या, हे माझ्याकडे. आणि वैशाख पौर्णिमेला सगळ्या पाणवठ्यांवर जनावरांची मोजणी असते, तेव्हा डोहावर मी बसायचं. दिवाळीनंतर रस्ता होईल. मग तू तुझी शाळा घेऊन ये.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, लिहितोच. परवा अंगात कसकस होती, तरी पहाटे डोहाकडे गेलो. पाण्यात एक काळा खडक होता. आदल्या दिवशी तो तिथे नव्हता. मी बघत राहिलो आणि खडकाने मान वर केली. शिंगं अशी की मी दोन्ही हात पसरले तरी टोकं माझ्या हातात येणार नाहीत. रानम्हैस होती. आपल्याकडच्या रानम्हशी संपल्या असंच सगळे सांगतात, असल्या तर पार इंद्रावतीपलीकडे. तिने माझ्याकडे पाहिलं, घाई न करता. मग धुकं मध्ये आलं, आणि विरलं तेव्हा पाणी रिकामं होतं.

खुणा करताना गावातला वारलू माझ्यासोबत असतो. म्हातारा आहे, गाव त्याचं ऐकतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुमाले ताप हाय, साहेब. गोळी खा."

आपल्या बाबांचे डोळे कसे आहेत?

तुझा
सोमा


कोरपना
२६ जानेवारी १९८६

चि. सोमास,
अन्नपूर्णाचा जय भीम आणि आशीर्वाद.

झेंडावंदन करून आत्ताच घरी आले आणि लिहायला बसले. वारलू शहाणा माणूस दिसतो. त्याचं ऐक. सोबत क्लोरोक्विनच्या गोळ्या पाठवते आहे, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने दिल्या. कशा घ्यायच्या ते पुडीवर लिहिलं आहे. हिवतापात माणसाला काहीही दिसतं. मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या शिपायाला भिंतीतून बैलगाडी येताना दिसली होती.

पण म्हैस पत्रात लिहायची काही गरज नव्हती. नेहमीप्रमाणे मी पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर दोन दिवस ते जेवले नाहीत. अंगणात खाटेवर बसून राहिले. विचारलं तर म्हणतात, "काई नाई, पोरी." एकुलता एक मुलगा जंगलात तापाने फणफणतो आहे, म्हटल्यावर बापाचं काय होणार? डोळ्यांचं म्हणशील तर डावा गेल्यातच जमा आहे, उजव्याने उजेड आणि आकार तेवढे कळतात. ऑपरेशनला तयार नाहीत.

सहलीचं मी सहावीच्या वर्गात सांगून बसले. त्रेचाळीस मुलं आहेत. त्यांनी कापूस पाहिला आहे, सिमेंटचे ट्रक पाहिले आहेत. ज्या झाडाखाली उभं राहून आभाळ दिसत नाही, असं झाड त्यांनी पाहिलेलं नाही. तुझा रस्ता लवकर होऊ दे.

ताप उतरल्याचं लगेच कळव.

बाई


हिरमेटा नाका
२ मार्च १९८६

ती. बाईस,
जय भीम.

गोळ्या घेतल्या, ताप गेला. ते सगळं तापाचंच होतं. बाबांना तसं सांग आणि जेवायला लाव.

खुणा अर्ध्या रस्त्यापर्यंत झाल्या. मोह गळायला लागला आहे. पहाटे गावातल्या बाया टोपल्या घेऊन नाल्याकडे जातात, कोणी बोलत नाही, नुसता पाचोळ्याचा आवाज. फुलं जमिनीवर इतकी पडलेली असतात की तिथे चांदणं विसरून राहिलंय असं वाटतं. डोहाच्या वरच्या अंगाला त्यांचे उभे दगड आहेत, मेलेल्या माणसांच्या नावाने लावलेले. प्रत्येक घर आपल्या दगडापाशी आधी मूठभर मोह ठेवतं आणि मग वेचायला लागतं. नकाशात विश्रामगृह नेमकं त्या दगडांच्या जागेवर आहे. साहेबांच्या कानावर घालीन म्हणतो.

अजून एक. बाबा तरुणपणी याच बाजूच्या जंगलात होते ना? त्यांना विचार, रानम्हशीचा खूर केवढा उमटतो आणि गव्याचा केवढा. असंच विचारतो आहे. नोकरीत कामाला येतं.

सोमा


कोरपना
१७ मार्च १९८६

चि. सोमा,
जय भीम.

तू 'असंच' विचारलंस, तेव्हाच मला कळलं की असंच नाही. पण मी तुला त्याबद्दल काही विचारण्याआधी जे घडलं ते सांगते.

खुराचा प्रश्न मी बाबांना विचारला. ते खाटेवरून उठले, हाताने चाचपत अंगणातल्या ओल्या मातीपाशी गेले, आणि बोटांनी मातीत एक खूर काढला. दिसत नसताना. म्हणाले, "त्याले म्हनाव, वीत ठेव. वीतीले दोन बोटं कमी अन् पसरट, तर म्हैस. गव्याचा आखूड रायते." मग तिथेच मातीत बसून बोलायला लागले. एकेचाळीस वर्षांनी, सोमा. आईलासुद्धा त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

ते तेव्हा तिशीतले. त्या जंगलाच्या मालकाकडे शिकारीला पाहुणे आले होते, बंदुका घेऊन. हाक्याला, म्हणजे जनावरं हाकलून बंदुकीपुढे आणायला, पन्नास माणसं बेगारीत धरली. त्यांत बाबा. त्यांना रानम्हशींचा डोह माहीत होता, आता तू जातोस तोच. त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"मीच म्हनलो, चला, मी दाखवतो. काऊन म्हनलो? मले जल्मात कोनी पुढं चाल म्हनलं नव्हतं, पोरी. आमी सगळ्याइच्या मांगून चालनारे. त्या दिवशी थो साहेब म्हनला, तू पुढं चाल. मी चाललो. अकरा होत्या. नऊ पडल्या. दोन कुठी गेल्या मालूम नाई. त्या पान्याले मंग गावातलं कोनी शिवलं नाई. मले वाटलं, विटाळ म्हन्तात थो हा. आमच्या हातचा नाई, हा."

नंतर ते कोरपन्याला आले, कापसाच्या कामाला लागले, आणि परत कधी जंगलात गेले नाहीत. छप्पन साली चंद्रपूरला दीक्षा घेतली. तुला आठवतं का, रोज संध्याकाळी वंदना म्हणताना पहिल्या शीलापाशी, जीव घेणार नाही म्हणतात तिथे, बाबा गप्प होतात आणि दुसऱ्या शीलापासून सुरू करतात? मी लहानपणापासून समजत होते की त्यांचा आवाज उशिरा लागतो.

म्हणजे दोन दिवस ते तुझ्या तापामुळे उपाशी नव्हते. मीच चुकीचं समजले.

आता खरं काय ते लिही.

बाई


हिरमेटा नाका
८ एप्रिल १९८६

ती. बाईस,
जय भीम.

तुझं पत्र डोहावर नेऊन वाचलं. दोनदा वाचलं.

मी खोटं लिहिलं होतं. ताप गेल्यावर चौथ्या दिवशी चिखलात खूर दिसले. बाबांनी सांगितलं तसेच, वीतीला दोन बोटं कमी. आणि त्याच्या बाजूला लहान खूर. मादी आणि तिचं पिल्लू. आजवर पाच वेळा पाहिलं. ती पहाटेच येते, धुकं नसतानाही धुक्यातून आल्यासारखी. आधी बांबू हलत नाही, पाणी हलत नाही, आणि मग ती तिथे असते. पिल्लू तिच्या पोटाखालून बघतं.

गावाला सगळं माहीत आहे. तिला ते नावाने हाक मारत नाहीत, 'मोठी' म्हणतात. बाया मोह वेचत असतात आणि वीस पावलांवर ती उभी असते. कोणी मान वर करून बघत नाही, तीही बघत नाही. वारलूला मी शेवटी म्हटलं, मला ताप नव्हता. त्याने विडी वळून पेटवली. मग म्हणाला:

"साहेब, सांगतलं तर आमाले काढतीन. म्हन्तीन, इथी जनावर हाय, मानूस नोको. मोह बंद, गाई बंद, दगडाकडं जानं बंद. नाई सांगतलं तर तुमचा रस्ता येईन, गाड्या येतीन, अन् थे जाईन. तुमीच सांगा, आमी काय कराव?"

त्या दिवसापासून चुन्याचा डबा मी नाक्यातच ठेवला आहे. साहेबांना निरोप पाठवला की चुना संपला. वैशाख पौर्णिमेला, २३ मे रोजी, मोजणीचा फॉर्म माझ्या हातात असेल. जनावराचं नाव, नर, मादी, पिल्लू, शेरा, असे रकाने असतात. खालची सही माझी. बाई, मी काय लिहू?

सोमा


कोरपना
२० एप्रिल १९८६

चि. सोमा,
जय भीम.

या घरात तुझ्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत.

बाबा म्हणतात, "त्याले सांग, लिव्हू नोको. मी दाखवलं, काय झालं? जे दाखवलं थे मेलं."

मी म्हणते, लिही. जे कागदावर नाही ते नव्हतंच असं म्हणायला लोकांना वेळ लागत नाही. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. उद्या रस्ता झाला, म्हैस गेली, तर लोक म्हणतील, कुठली म्हैस, नाकेदाराला ताप होता. पण अर्धं लिहू नकोस. नुसती म्हैस लिहिलीस तर गाव जाईल. ती इतकी वर्षं कोणी सांभाळली तेही लिही. शेऱ्याचा रकाना कशाला असतो?

यावर बाबा आणि मी दोन दिवस बोललो नाही. आज बोललो, भाजीत मीठ कमी आहे एवढंच.

नोकरीची भीती वाटत असेल तर ती वाटू दे. मलाही तुझ्यासाठी वाटते.

बाई


कोरपना
१४ मे १९८६

सोमा,

बाबा घरी नाहीत. सोमवारी म्हणाले, राजुऱ्याला डोळ्यांचं शिबिर आहे, लहानूसोबत जातो. मला इतका आनंद झाला की मी काही विचारलंच नाही, भाकरी बांधून दिल्या. काल शेजारचा लहानू रस्त्यात भेटला. तो राजुऱ्याला गेलाच नव्हता. तिथे शिबिरही नव्हतं.

राजुरा, बल्लारपूर, सगळीकडे माणसं पाठवली. तुझ्याकडे आले असतील असं मनात येतं आणि मग वाटतं, उजेडाशिवाय काही न दिसणारा सत्तरीचा माणूस तिथवर कसा पोचेल? हे पत्र ट्रकवाल्याच्या हातीच देते आहे. मिळताच कळव.

बाई


हिरमेटा नाका
२७ मे १९८६

ती. बाईस,
जय भीम.

बाबा सुखरूप आहेत. तुझं पत्र मिळायच्या आदल्या दिवशी, १९ तारखेला, ते इथे पोचले. अहेरीपर्यंत एसटीने, पुढे बांबूच्या ट्रकवर, आणि शेवटचे तीन कोस पायी, एका बैलगाडीच्या मागच्या दांड्याला हात धरून. तुझं पत्र आलं त्याच दिवशी ट्रकवाल्याकडे तोंडी निरोप दिला होता. पोचला असेल अशी आशा आहे. मी त्यांच्यावर चिडलो तर म्हणाले, "मले रस्ता दिसत नाई. पन पायाले मालूम हाय."

आता घडलं ते क्रमाने लिहितो.

पहिल्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारलूच्या अंगणात गेले. मी दूर उभा होतो. हाक्याचं सगळं त्यांनी सांगितलं, मीच पुढे चाललो होतो हेही. वारलू ऐकत राहिला. मग म्हणाला, "मालूम हाय, भाऊ. डाव्या अंगाले हाक्यात माहा मोठा भाऊ होता. नऊ पडल्या त्या दिसापासून तो बंदूकवाल्याइले एक खोटं सांगे, का दोन उरल्या त्या नदीपार गेल्या. मेला तोवर तेच सांगे. नदीपार नव्हत्या गेल्या. इथीच होत्या." त्याने बाबांना पाण्याचा तांब्या दिला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि किती तरी वेळ प्यायलेच नाहीत. मग प्यायले.

२३ तारखेला दुपारपासून मोजणी. डोहाच्या काठाला जांभळीवर बांबूचं मचाण बांधलं होतं. मी, वारलू आणि बाबा. मोजणीच्या ठिकाणी बाहेरचा माणूस चालत नाही, पण त्यांना खाली ठेवून वर चढायला माझा पाय उचलला नाही. चितळं आली, सांबर आलं, एक अस्वल आलं आणि पाण्यात बसून घरच्यासारखं अंग धुऊन गेलं. मी लिहीत होतो. चंद्र वर आल्यावर डोह दुधासारखा झाला आणि आम्हा तिघांनाही वेळेचं भान राहिलं नाही. बाबा हळूच विचारायचे, आता काय आलं? मी सांगायचो. ते मान हलवायचे, जणू त्यांनीच बोलावलं होतं.

फटफटलं तेव्हा बाबांनी माझा हात दाबला. मला काही दिसत नव्हतं. ते म्हणाले, "आली." त्यांना तिचा श्वास ऐकू आला होता. मग मला दिसली. पाण्यात उतरली, पिल्लू मागे. पिल्लू आता अंगाने भरलंय, ती पाण्यात लोळली की तेही लोळतं. पलीकडे दगडांजवळ गावातल्या दोन बाया टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, वेचत होत्या. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. बाबांनी तोंड त्या बाजूला केलं होतं आणि डोळे मिटले होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "लिव्ह. तुही बाई बराबर म्हन्ते. मी चुकीच्या मानसाले दाखवलं होतं. तू कागदाले दाखव."

मी लिहिलं. रानम्हैस, मादी एक, पिल्लू एक. शेऱ्यात जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं: ही जनावरे हिरमेटा गावाने आजवर राखली आहेत. गावकरी पायी येतात, मोह वेचतात, जनावर हलत नाही. गाडीचा रस्ता झाल्यास ते राहणार नाही. गाव राहिल्यास राहील. खाली माझी सही. वारलूचा अंगठा. आणि बाबांची सही, ती तू त्यांना शिकवलीस तीच, पहिलं 'दा' मोठं आणि बाकीची अक्षरं उतरत जाणारी.

दुपारी उराडे साहेब फॉर्म घ्यायला मचाणापाशीच आले. उभ्यानेच वाचलं, मग खाली बसले. "कधीपासून मालूम होतं, दुर्गे?" मी म्हटलं, जानेवारीपासून. "अन् मी तुमच्यासाठी चुन्याचे डबे पाठवून राह्यलो होतो." ते वारलूकडे वळले, "तुमी काऊन सांगतलं नाई?" वारलू म्हणाला, "तुमी वाघाचं विचारलं, साहेब. हिचं कोनी विचारलं नाई."

साहेब खाली पाण्यापाशी गेले, एकटेच. खुरांपाशी उकिडवे बसलेले मला दिसले. वीत ठेवून पाहत होते. परत आले तेव्हा म्हणाले, हा कागद जसा आहे तसा वर जाईल, मागची बाजूसुद्धा. आणि तुम्हाला मेमो द्यावा लागेल, तोही जाईल. वाईट माणूस नाही, बाई. त्यांनी ज्या रस्त्याचं स्वप्न पाहिलं होतं, तो त्या दिवशी बंद झाला, आणि तो त्यांनी स्वतः बंद केला.

पाऊस लागायच्या आत बाबांना घेऊन येतो.

सोमा


कोरपना
२ जुलै १९८६

चि. सोमा,
जय भीम.

तू परत गेलास त्याला तीन आठवडे झाले. मेमोचं उत्तर मी लिहून पाठवते आहे. त्यात माफी एकदाच मागितली आहे, दुसऱ्यांदा मागू नकोस. मी 'लिही' म्हटलं आणि शिक्षा तुला होते आहे, हे मनातून जात नाही. बाबांना हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "तू पुढं चाल नाई म्हनली. तू खरं लिव्ह म्हनली. लय फरक हाय."

काल संध्याकाळी वंदनेला मी नेहमीसारखी त्यांच्या मागे बसले होते. पहिल्या शीलाला त्यांनी आवाज लावला. सगळे पाली शब्द बरोबर आले नाहीत, आयुष्यात कधी म्हटलंच नव्हतं ते. पण म्हटलं. मी माझं म्हणायचं थांबवून ऐकत राहिले.

ऑपरेशनला हो म्हणाले आहेत. विचारलं, एकदम कसे तयार झालात? तर म्हणे, पिल्लू पाह्याचं राह्यलं.

बाई


तिरबोडी फाटक, आलापल्लीच्या अलीकडे
१५ डिसेंबर १९८६

ती. बाईस,
जय भीम.

तुझी त्रेचाळीस मुलं येऊन गेली त्याला आठवडा झाला, पण फाटकाला त्यांच्या हातांचे डाग अजून आहेत. वानरांना चिवडा टाकू नका म्हणून मी पाच वेळा सांगितलं आणि पाचही वेळा टाकला. तरी जाताना एका मुलीने विचारलं, "मामा, इतकं शांत ठेवाले तुमी काय करता?" मी म्हटलं, फाटक लावतो. तिला ते पुरेसं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

तू घाईत होतीस म्हणून नीट बोलता आलं नाही. सगळा निकाल लिहितो. सहलीची जागा इथे तिरबोडीवर आली, हा तलाव डांबरी रस्त्याला लागून आहे आणि रविवारी माणसं येतात, नाव चालते, मुलं ओरडतात, बगळे उडतात आणि परत येऊन बसतात. कोणाचं काही बिघडत नाही. शिक्षा म्हणून माझी बदली या फाटकावर झाली. हिरमेट्याचा नाला गाड्यांना आणि सहलींना कायमचा बंद. गाव हलवायचं नाही, 'तूर्त', असं आदेशात लिहिलं आहे. उराडे साहेबांनी त्या एका ओळीसाठी तीन वेळा गडचिरोली गाठलं. पण नाल्यात आता कोणालाही परवान्याशिवाय जाता येत नाही. गावालाही नाही. आणि परवाने मिळतात इथे, माझ्या फाटकावर, हिरमेट्याहून सात कोसांवर.

हे मला ऑगस्टपासून माहीत होतं, तुला लिहिलं नाही. वारलू येईल त्या दिवसाची मला भीती वाटत होती.

तो काल आला. सोबत त्याची सून सोमारी, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. दोघं आदल्या दिवशी निघाले होते. रविवार होता, त्यामुळे फाटकावर चंद्रपूरच्या दोन मोटारी उभ्या होत्या. वारलू त्यांच्या मागे रांगेत उभा राहिला. मी त्याला पुढे बोलावलं तर आला नाही, "लाइन हाय," म्हणाला.

त्याची पाळी आली. मी म्हटलं, "वारलूभाऊ, मी लिहिलं म्हणून हे झालं."

तो म्हणाला, "हो." मग म्हणाला, "थे हाय अजून. पिल्लू तिच्या खांद्याले लागलं." आणि सोमारीकडे बघून, "आमी बी हावो."

मला वाटलं होतं तो रागावेल किंवा समजूत घालेल. त्याने दोन्ही केलं नाही. परवान्याचं पुस्तक माझ्यासमोर उघडं होतं. नाव, गाव, किती माणसं, किती दिवस, हे भरलं. मग 'प्रवेशाचे कारण' असा रकाना येतो. त्यात छापलेलंच असतं: सहल, अभ्यास, सरकारी काम. ज्याचं जे असेल त्यावर खूण करायची. वारलूचं त्यातलं काहीच नव्हतं. नवा भात निघाला की आपल्या मेलेल्या माणसांच्या दगडांपाशी पहिला ठेवतात, त्यासाठी तो आला होता.

मागे मोटारवाल्याने हॉर्न दिला. मी तिन्ही शब्दांवर रेघ मारली आणि बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं. वारलू कागदाकडे बघत होता. "काय लिव्हलं, साहेब?"

मी वाचून दाखवलं: "घरच्या माणसांना भेटणे."

त्याने ते मनात एकदा घोळवलं. मग सोमारीकडे वळून गोंडीत सांगितलं. ती हसली नाही, पण गाठोडं तिने डोक्यावर नीट बसवलं. वारलूने अंगठा उठवला, कागदाची घडी केली, मुंडाशात खोवली आणि म्हणाला, "बापजाद्यापासून कागदाबिगर गेलो. आता कागद घेऊन जाऊ. पन जाऊ."

फाटकातून, हिरमेट्याच्या वाटेने, दोघं आत गेले. मी मोटारी तशाच थांबवून ठेवल्या, ते वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत.

तुझा
सोमा